माझ्या हाताजोगं पिस्तूल

आमच्या लहानपणी बंदूक निवडावी लागत नसे. ती दारावरच्या दोन खिळ्यांवर आडवी असे आणि घरातल्या सगळ्यांची मिळून एकच असे. कोल्हा खुराड्यात शिरला की ज्याचा हात आधी पोहोचेल तो ती काढायचा. माझी आई एप्रनच्या एका खिशात कपड्यांचे चिमटे आणि दुसऱ्यात काडतुसं ठेवायची, आणि दोन्ही खिशांत गल्लत झालेली मी कधी पाहिली नाही. ही बंदूक बरी की ती, बाईच्या हाताला शोभेल की नाही, असली चर्चा आमच्या मिझुरीच्या डोंगरांत त्या वेळी कोणी काढली असती, तर त्याला ताप चढलाय असं समजून लोकांनी झोपवलं असतं.

म्हणून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्यावर पिस्तूल निवडायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, हे एका दुपारचं काम आहे. पानगळ सुरू व्हायच्या आधी निघालेलं ते काम झाडं उघडी पडली तरी संपलं नव्हतं.

सुरुवात योकमांच्या घरापासून झाली. आमच्याच रस्त्यावर, टेकडीच्या खालच्या अंगाला ते राहतात. ते चर्चला गेले असताना कोणीतरी मागचं दार मोडून आत शिरलं आणि करवतीचं यंत्र आणि म्हातारीच्या पाठदुखीच्या गोळ्या घेऊन गेलं. माझ्या मुलाला, रॉइसला, ही बातमी दोन तासांवर स्प्रिंगफील्डमध्ये माझ्या आधी कळली. हल्ली सगळ्या बातम्या उलट्या वाटेनं येतात.

"आई, शेरिफची गाडी तुझ्या दारात यायला पाऊण तास लागतो," तो फोनवर म्हणाला.

"तुझ्या बाबांच्या वेळी तास लागायचा. सुधारणा आहे."

"मी चेष्टा करत नाहीये. केंड्रानं ती इमारत पाहून ठेवलीय. आमच्या घरापासून चालत जाता येतं. लिफ्ट आहे, खाली नर्स आहे."

केंड्रा ही माझी सून. मुलगी वाईट नाही. त्या इमारतीत ती मला एकदा घेऊन गेली होती. गालिचा ओटमीलच्या लापशीच्या रंगाचा होता आणि मॅनेजरबाई माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलत होती. कोंबड्या चालतील का, असं मी विचारलं तर ती हसली. मी हसायला विचारलं नव्हतं. मी या टेकडीवर लग्न करून आले, इथल्या विहिरीच्या पाण्यानं माझे केस पांढरे झाले, माझ्या नवऱ्याला, डेल्मरला, मी इथूनच नेला आणि चर्चमागच्या कुंपणाशी ठेवला. लापशीच्या रंगाच्या गालिच्यावर बसून टीव्ही बघायला मी हे सोडणार नव्हते.

पुष्कळ वादावादी झाल्यावर रॉइसनं अट घातली. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी तो येईल. मी त्याच्यासमोर माझ्या हातानं पिस्तूल भरायचं, माझ्या हातानं ओढायचं, आणि तळ्यापलीकडच्या बांधावर टांगलेल्या पत्र्याच्या ताटलीला गोळी लावून दाखवायची. जमलं तर स्प्रिंगफील्डचं नाव तो काढणार नाही. नाही जमलं तर नाताळच्या आत सामान बांधायचं.

"कबूल," मी म्हटलं. मला वाटलं, पोरगं आपल्या आईला विसरलंय. लग्नाआधी डेल्मर मला फिरायला म्हणून नेई तेव्हा आम्ही कुंपणाच्या खांबांवर डबे मांडून नेमबाजी करत असू, आणि तो जिंकलेला मला आठवत नाही.

घरात पिस्तूल नव्हतं असंही नाही. डेल्मरचं होतं, पंचेचाळीस बोअरचं, त्याच्या वडिलांकडून आलेलं. पानगळीत एका शनिवारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते सुटं करायचा. रेडिओवर बेसबॉलचा सामना, तेलाचा वास, आणि त्याचं होईपर्यंत मला चूल पेटवायची बंदी. रॉइस लहान असताना त्याला नळी साफ करायचा बारीक ब्रश धरायला मिळायचा, आणि देवाच्या सेवेला उभा असल्यासारखा तो तो ब्रश धरून उभा राहायचा. ते पिस्तूल अजून कपाटात, फ्लॅनेलच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं. मी ते काढलं, ओढायला गेले, आणि ते हललं नाही.

या जातीच्या पिस्तुलाचं असं असतं. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपसूक वर येऊन बसते. पण पहिली गोळी वर आणायला पिस्तुलाचा वरचा लोखंडी भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो आपणच मागं ओढून सोडावा लागतो. त्याच्या आत स्प्रिंग असते. सगळं घोडं तिथं पेंड खातं. मी बुटांच्या कारखान्यात बोटांनी चामडं ओढून साच्यावर बसवायचं काम आयुष्यभर केलं, आणि आता तीच बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत. मी डेल्मरचं पिस्तूल दोन्ही गुडघ्यांत धरून पाहिलं. दाराच्या फटीत धरून पाहिलं. मग फ्लॅनेलमध्ये गुंडाळून परत ठेवलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले, कारण कोणाला तरी माझा उपयोग व्हायला हवा होता.

नवीन घ्यायला रँडल मला घेऊन गेला. हा डेल्मरच्या बहिणीचा, ओपलचा मुलगा. वय चाळीसच्या पुढं, कमरेला पिस्तूल, गाडीत पिस्तूल, आणि मला वाटतं आंघोळीच्या टबातही एक असावं.

"मामी, तू काही बोलू नकोस, मी बोलतो," तो वाटेत म्हणाला. "हे लोक बाई बघितली की काहीही गळ्यात मारतात."

दुकान लाइलचं. एका बाजूला खतं आणि घोड्यांचा खुराक, दुसऱ्या बाजूला काचेखाली पिस्तुलं, मिठाईसारखी ओळीनं मांडलेली. लाइल मला लहानपणापासून ओळखतो. त्याला मी रविवारच्या शाळेत बायबलमधल्या गोष्टी शिकवल्यात. त्यानं माझ्याकडं बघून टोपी उचलली आणि रँडलला विचारलं, "मिस आर्डिथना काय हवंय?"

"मिस आर्डिथ इथंच उभी आहे," मी म्हटलं.

"हो, हो, दिसताय ना," लाइल म्हणाला, आणि पुन्हा रँडलकडं वळला. "हात लहान आहेत. वजनही काही नाही अंगात. मग आपण लहानच बघू."

मग दोघांनी मिळून माझ्यासाठी एक पिस्तूल काढलं. पत्त्यांच्या जोडाएवढं. मूठ आकाशी रंगाची. लाइल म्हणाला की बायकांमध्ये हे फार चालतं, पर्समध्ये कळतही नाही.

"पर्समध्ये कळणार नाही म्हणजे शोधायला किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"मामी."

"आणि हे ओढायचं कसं? धरायला जागाच नाही."

"सवयीनं जमतं," रँडल म्हणाला.

"वापरून सैल होतं," लाइल म्हणाला.

त्यांनी घासाघीस केली, माझ्या पैशांनी, आणि ते खेळणं घरी आलं. बांधावर जाऊन मी एक गोळी झाडली. स्लाइड रँडलनंच ओढून दिली होती. माझं मनगट असं झटकलं गेलं की मला वाटलं पिस्तुलात खेचर बसवलंय. संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी काळंनिळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी मला लोणच्याच्या बरणीचं झाकणही फिरवता येईना. स्लाइड तर माझ्या हातानं केसभरही हलली नाही.

"तू नीट प्रयत्न करत नाहीस," रँडल म्हणाला.

मी त्याला कॉफी दिली नाही. आमच्या टेकडीवर यापेक्षा कडक बोलायची रीत नाही.

मग ओपल आली. ती म्हणाली की पुरुषांना अक्कल नसते, मला रिव्हॉल्व्हर हवं. त्याला स्लाइडच नसते, बटाटा घ्यावा तसं उचलायचं आणि चाप ओढायचा. तिच्या दिवंगत नवऱ्याचं ती घेऊनही आली. मी चाप ओढायला लागले. एका बोटानं होईना म्हणून दोन बोटांनी ओढला. टोक गोठ्याकडं, मग आकाशाकडं, मग ओपलच्या गाडीकडं गेलं, आणि चाप अजून अर्ध्या वाटेतच होता. रिकामं होतं म्हणून बरं.

"जरा जोर लाव," ओपल गाडीच्या मागं जाऊन म्हणाली.

त्यानंतर जो येई तो स्वतःचं पिस्तूल सांगे. पोस्टमन थांबून सांगून गेला. दाढदुखीचा डॉक्टर माझ्या तोंडात हात घालून सांगत होता, तेव्हा तर मला उलट उत्तरही देता आलं नाही. कोणी म्हणे, जिवापेक्षा पैसा मोठा आहे का, आणि मोटारीच्या इंजिनाएवढ्या किमतीचं काहीतरी सांगे. मी म्हणे, जीव आहेच, पण त्याला हिवाळ्यात गॅसची टाकीही भरावी लागते. एकानंही मला विचारलं नाही की आर्डिथ, तुझी बोटं कुठपर्यंत मिटतात. माझ्या बोटांबद्दल सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

मी आकाशी मुठीचं पिस्तूल लाइलला परत केलं. त्यानं किंमत माझ्या सहनशक्तीसारखी बरीच घटवून ते घेतलं. रविवार जवळ येत होता. केंड्रानं फोनवर सहज म्हणून विचारलं की माझ्या पडद्यांची लांबी किती आहे. पडदे मोजायला लागली म्हणजे गोष्ट पुढं गेली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी खोल्यांमधून हिंडले आणि काय नेता येईल ते बघत राहिले. काहीच नेण्यासारखं नव्हतं. सगळं घराला धरून होतं.

त्याच आठवड्यात म्हातारे ब्रँट वारले. आमच्याकडं कोणी गेलं की दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण असतं, आणि ते जेवण आम्हा बायकांच्या हातचं असतं. हॅम, बटाट्याचा चीज घातलेला भाजलेला प्रकार, हिरवी जेली, पीच घालून भाजलेला गोड कॉब्लर. ब्रँटांची माणसं जेवून गेली. आम्ही चौघी भांडी आवरायला राहिलो. मी काचेची बरणी उघडायला गेले आणि ती माझ्या हातून सुटून सिंकमध्ये पडली.

"हाताला काय झालं?" नडीननं विचारलं. नडीन आमची पियानोवाली. साठ वर्षं तीच वाजवते आहे आणि अजून डावा हात उशिरा येतो.

मला इतका वैताग आला होता की मी सगळं सांगून टाकलं. लाइल, रँडल, ओपल, दाढदुखी, लापशीच्या रंगाचा गालिचा. सांगता सांगता माझा आवाज चढला. फर्न आणि विलोडीन दोघी टॉवेल हातात धरून ऐकत राहिल्या.

"आणि तू लाइलला विचारायला गेलीस," विलोडीन म्हणाली. ती आमच्यात सगळ्यांत थोराड, दुधाचा धंदा केलेली बाई, विधवा. "लाइलला."

"मग कोणाला विचारू?"

विलोडीननं टॉवेल खांद्यावर टाकला, खुंटीवरची पर्स काढली, आणि आतून रुमाल, स्तोत्रांचं पुस्तक आणि पेपरमिंटच्या गोळ्या बाजूला सारून एक पिस्तूल बाहेर काढलं. मुठीतलं मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढलं, आत रिकामं आहे ते बघितलं, मला दाखवलं, आणि टोक कोळशाच्या खोलीच्या भिंतीकडं करून ते कॉब्लरच्या ताटलीशेजारी ठेवलं.

फर्ननं तिचं काढलं. मग नडीननं.

"नडीन," मी म्हटलं, "ते पियानोपाशी असतं?"

"पेडलजवळ. पर्स कुठं ठेवणार मग?"

पाद्री हॉलिस यांची या गोष्टीला फार पूर्वीची परवानगी होती, त्यांच्या नजरेला पडू द्यायचं नाही एवढ्या एका अटीवर. मला हे माहीत नव्हतं. मी त्या बायकांबरोबर आयुष्यभर बटाटे सोलले होते. कोणाचा नवरा काय प्यायचा, कोणाचं कोणतं मूल कोणत्या महिन्यात जन्मलं, सगळं मला ठाऊक होतं, पण पर्समधली गोष्ट कधी निघाली नाही. पुरुष गॅस भरायला थांबले तरी पिस्तुलांवर बोलतात. आम्ही बोलत नाही. आमच्यात ते आतल्या कपड्यांसारखं असतं, सगळ्यांकडं असतं आणि कोणी विचारत नाही.

"घे, एकेक ओढून बघ," विलोडीन म्हणाली. "कपडा घेताना अंगाला लावून बघतेस ना."

नडीनचं लहान होतं. हललं नाही. "मलाही नीट ओढता येत नाही," ती म्हणाली. "मुलानं दिलंय, वाईट वाटेल म्हणून बाळगते."

फर्नचं निम्मं आलं आणि माझ्या हातून निसटलं. "हे माझं खाण्यापिण्यात फार चोखंदळ आहे," फर्न म्हणाली. "महागातल्या गोळ्या घातल्या तर चालतं. साध्या घातल्या की तोंड वाकडं करून अडकून बसतं. आमच्या जावयासारखं."

राहिलं विलोडीनचं. ते पाहूनच मी हात मागं घेतला. चांगलं हातभर वाटावं असं थोरलं, जड, काळं, कडा घासून पांढऱ्या झालेल्या.

"हे केवढं मोठं आहे. माझ्या हातात मावणार नाही."

"तू पण लाइलचीच शिष्या का?" विलोडीन म्हणाली. "बाई लहान म्हणून पिस्तूल लहान. या एका खुळापायी या गावातल्या निम्म्या बायकांकडं न ओढता येणारी पिस्तुलं आहेत. अगं, लहान जागेत स्प्रिंग कोंबायची म्हणजे ती कडकच करावी लागते. आणि हलकं असलं की सगळा दणका तुझ्या मनगटात. माझी मोठी गाय कधी लाथ मारायची नाही, ती बुटकी जर्सी मारायची. धर."

मी धरलं. हाताला ते पूर्ण आलं, करंगळीसुद्धा बाहेर राहिली नाही. मी वरचा भाग धरून मागं ओढायला लागले.

"ओढू नकोस. तिथंच चूक आहे. वरचा भाग डाव्या हातात गच्च धरून छातीपाशी ठेव, आणि उजव्या हातानं मूठ पुढं ढकल. टोक भिंतीकडं. तुझ्यात ओढायची ताकद नाही, पण ढकलायची आहे. आयुष्यभर दारं ढकलत आलीस."

मी ढकललं. साबण लावलेला ड्रॉवर सरकावा तसं ते सरकलं आणि खट्कन जागेवर आलं. मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं असावं, कारण नडीननं माझ्याकडं टॉवेल सरकवला.

"पुन्हा," विलोडीन म्हणाली.

पुन्हा केलं. पुन्हा सरकलं.

"याची गोळी मध्यम आहे, फार मोठी नाही. खाण्यापिण्याचे नखरे नाहीत. चर्चच्या जेवणाला आलेल्या माणसासारखं, जे वाढाल ते खातं. मी कोंबड्यांच्या खुराड्यात साप मारलेत यानं, चिखलात पाडलंय, एकदा तर पिठाच्या डब्यात पडलं होतं. झाडून घेतलं आणि चाललं."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि पाद्री हॉलिस आत आले. त्यांनी टेबलाकडं पाहिलं. कॉब्लर, तीन पिस्तुलं, पेपरमिंटच्या गोळ्या, चार म्हाताऱ्या.

"कॉफी उरली असेल का," ते छताकडं बघत म्हणाले.

फर्ननं कप भरून दिला आणि ते तसेच छताकडं बघत वर गेले.

ते पिस्तूल मला विलोडीननं देऊन टाकलं. तिच्याकडं घरी तसलंच आणखी एक होतं. आमच्याकडं शेजाऱ्यांत अशी देवघेव जुनी आहे. पैसे मध्ये आणले की जरा परकं वाटतं. गोठ्यात डेल्मरचं लाकूड फोडायचं यंत्र धूळ खात पडलं होतं आणि विलोडीनच्या धाकट्याला ते हवं होतं. तो यंत्र घेऊन गेला, आणि दर हिवाळ्यात फोडलेल्या लाकडाचा एक ढीग माझ्या ओसरीवर आणून टाकायचं त्यानं कबूल केलं. मी हात पुढं केला, त्यानं धरला, संपलं. लाइलकडं जेवढा वेळ टोपी उचलण्यात गेला होता त्याच्यापेक्षा कमी वेळात.

मॅगझीनमध्ये गोळ्या दाबून बसवायचं तेवढं अवघड राहिलं होतं. तिथंही स्प्रिंग, आणि अंगठ्यानं दाबावं लागतं. दोन दिवस अंगठा दुखवून घेतल्यावर मला माझ्या शिवणाच्या डब्याची आठवण झाली. कारखान्यात चामडं शिवताना अंगठ्यावर चढवायचं जाड अंगुस्तान त्यात होतं. ते घातलं आणि गोळ्या एकामागून एक गुमान आत गेल्या.

रविवारी सगळे आले. रॉइस, केंड्रा, ओपल, आणि कोणी बोलावलं नसताना रँडल. भाजलेलं मांस, घेवडा आणि मक्याचा पाव जेवून आम्ही तळ्यापलीकडं गेलो. बांधावरच्या तारेला ताटल्या लटकत होत्या. रँडलनं माझं पिस्तूल पाहिलं आणि रॉइसला म्हणाला, "हे काय, एवढं थोरलं. कोणी दिलं तिला?"

"मामी तुझ्या समोर उभी आहे," केंड्रा म्हणाली. त्या क्षणी मला सून आवडली.

मी कानांवर आवाज अडवणारं ते गोल झाकण चढवलं. अंगुस्तान चढवलं. मॅगझीन भरलं, बसवलं, पिस्तूल छातीपाशी घेतलं आणि ढकललं. खट्. पहिली गोळी मातीत गेली. दुसरीला ताटली घंटेसारखी वाजली. मग मी थांबले नाही, मॅगझीन रिकामं होईपर्यंत वाजवली. एकदाही ते अडकलं नाही. रँडल मधेच काहीतरी सांगत होता, पण कानांवर झाकण असल्यामुळं मला ऐकू आलं नाही. त्या झाकणाचा तो खरा उपयोग.

मी पिस्तूल रिकामं करून ठेवलं, कानांवरचं झाकण काढलं आणि रॉइसकडं वळले. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "आणि चष्मा नसताना?"

"काय?"

"चष्मा काढलेला असेल तेव्हा. आणि ओसरीच्या पायऱ्यांवर बर्फ असतो, त्याचं काय? आणि वीज गेली तर? मागच्या हिवाळ्यात तीन दिवस नव्हती."

मी पिस्तूल उचललं आणि घराकडं चालू लागले. माझं डोकं इतकं तापलं होतं की तळ्याजवळच्या चिखलातही मी घसरले नाही. घरात आल्यावर कपाट उघडलं, डेल्मरचं पिस्तूल फ्लॅनेलसकट काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. रॉइस मागोमाग एकटाच आला.

"हे घेऊन जा," मी म्हटलं. "तुझ्या बाबांचं आहे, तुझंच आहे. मला ओढता येत नाही. आणि आता मला सरळ सांग, तुला काय हवंय. तू सांगितलंस ते मी केलं. अंगठा सुजवून घेतला, रँडलला गाडीत सहन केलं, तुझी आत्या माझ्या हातून मरता मरता वाचली. आता बर्फाचं काढतोस. बर्फाला काय गोळ्या घालू?"

तो खुर्चीवर बसला. वडिलांसारखाच बसतो, आधी खुर्ची तपासून.

"तू दुसऱ्या घंटीला फोन उचलला नाहीस की मी बूट घालायला लागतो," तो म्हणाला. "केंड्राला विचार. ऑफिसात असलो तरी. त्या दिवशी मी बाबांना फोन केला होता. उचलला नाही. मला वाटलं, गोठ्यात असतील. मी फोन ठेवला आणि सँडविच खाल्लं." तो फ्लॅनेलच्या गाठीशी खेळत होता. "गोठ्यातच होते."

हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या दिवशी गावात होते. डेल्मर गोठ्यात दुपारी पडला, आणि संध्याकाळी मला सापडला. डॉक्टर म्हणाले होते, क्षणात गेलं सगळं, कोणी असतं तरी काही करता आलं नसतं. मी ते रॉइसला पुन्हा सांगितलं. त्यानं मान हलवली, जशी माणसं आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीला हलवतात.

"मग असं बोलायचं ना," मी म्हटलं. "पिस्तूल कशाला मधे आणलंस? पिस्तुलानं का मी फोन उचलणार आहे?"

"त्याबद्दल काय बोलायचं ते सुचलं नाही. पिस्तुलाबद्दल बोलता येतं."

हे तर या डोंगरातल्या सगळ्या पुरुषांचं आहे. त्याच्या बापानंही मला मागणी घातली ती नळी कशी साफ ठेवावी हे सांगता सांगता.

मी त्याला सांगितलं की रोज संध्याकाळी कोंबड्या कोंडल्या की मी स्वतः फोन करीन. आणि तो नुसता चालू करून ठेवायचा नाही, माझं सगळं बोलणं ऐकून घ्यायचं, कोणत्या कोंबडीनं काय केलं तेसुद्धा. तो हो म्हणाला. मी कॉफी टाकली.

वळून बघते तर त्यानं जुनं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं होतं आणि डेल्मरचं पिस्तूल सुटं करायला घेतलं होतं. ब्रश कुठल्या खणात असतो ते त्यानं विचारलंसुद्धा नाही. तेलाचा वास सुटला. एकेक भाग पुसून तो ओळीनं मांडत होता. मग त्यानं स्प्रिंग उजेडात धरली आणि बोटांनी दाबून पाहिली.

"ही बदलून जरा मऊ घातली तर बघू," तो म्हणाला. "मिळते ती. पुढच्या वेळी येताना घेऊन येतो. तोवर हे इथंच राहू दे."

"राहू दे," मी म्हटलं. "आणि येताना रँडलला आणू नकोस."